चांगली चेटकीण कोणाला म्हणावी

नातीला झोपवायला म्हणून पुस्तक हातात घ्यावं, ती चौथ्या पानावर झोपून जावी आणि आपण मात्र दिव्याखाली पुढे वाचत बसावं, असं माझं गेल्या मे महिन्यात झालं. पुस्तक होतं ओटफ्रीड प्रॉयस्लर या जर्मन लेखकाचं 'छोटी चेटकीण'. मूळ पुस्तक १९५७ सालचं. आमच्याकडे होता तो अँथिया बेल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडाने मराठीत सांगायचं, असा आमचा कार्यक्रम. त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा माझ्या हातून गेलं, आणि दोनदा गेलेलं वाक्य मनाला जरा जास्तच चिकटतं.

मुलांच्या पुस्तकावर एवढं काय लिहायचं, असं कोणी म्हणेल. पण आपल्याकडच्या पाठशाळेतल्या गोष्टी आठवा. यशोधराची गोष्ट, अंजनाची गोष्ट, चंदनेची गोष्ट आपण लहानपणी ऐकल्या आणि मग आयुष्यभर त्यांच्याशी भांडत राहिलो. मुलांच्या गोष्टीतच खरे अवघड प्रश्न असतात. मोठ्यांच्या कादंबरीत ते शब्दांखाली झाकून टाकता येतात, मुलांच्या गोष्टीत तशी सोय नाही.

तर ही चेटकीण एकशे सत्तावीस वर्षांची. चेटकिणींच्या हिशोबात हे काही वय नव्हे, म्हणजे परकरी पोरच. जंगलात वाकड्या छपराच्या घरात राहते, सोबतीला अब्राक्सास नावाचा बोलणारा डोमकावळा. रोज सहा तास जादूचं पुस्तक उघडून अभ्यास करते. गोष्टीच्या सुरुवातीला ती पाऊस पाडायचा सराव करत असते, पण पाण्याच्या जागी आभाळातून पांढरे उंदीर पडतात, मग बेडूक, मग सुरूसारख्या झाडांची फळं. कावळा कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी. नातीला हे इतकं आवडलं की सकाळी चहात दूध ओतताना माझ्या हातून थोडं सांडलं तर म्हणते, "आज्जी, तू पण चुकीचा पाऊस पाडलास."

तिला एकच दुःख. तीस एप्रिलच्या रात्री सगळ्या मोठ्या चेटकिणी ब्लॉक्सबर्गवर आगीभोवती नाचतात आणि हिला वयामुळे बोलावणं नसतं. ही चोरून जाते, सापडते. पकडून देणारी बाहेरची कोणी नाही, सख्खी आत्याच, वादळं उठवणारी रुंपुंपेल. थोरली चेटकीण शिक्षा देते. हिचा खराटा जाळतात आणि हिला पायी घरी पाठवतात. तीन दिवस तीन रात्री ती चालत राहते. मात्र एक आशाही दाखवतात. पुढच्या वर्षापर्यंत तू चांगली चेटकीण झालीस, तर परीक्षा घेऊ आणि नाचायला परवानगी देऊ.

चांगली. या एका शब्दावर पुढचं सगळं पुस्तक उभं आहे. ती घरी येऊन कावळ्याला विचारते, आणि कावळा आपल्या समजुतीने सांगतो की चांगली चेटकीण म्हणजे चांगली कामं करणारी. दोघांनाही हे इतकं उघड वाटतं की पुन्हा जाऊन विचारून यावं असं कोणाच्याच मनात येत नाही. आणि मग वर्षभर ती इमानाने चांगली कामं करत सुटते.

ती कामं काय आहेत ते नीट बघायला हवं. जंगलात तीन म्हाताऱ्या वाळक्या काटक्या वेचायला आलेल्या असतात, पण वारा नाही म्हणून काटक्या पडलेल्या नाहीत. ही वारा सोडते, फांद्या पडतात, म्हाताऱ्यांच्या टोपल्या भरतात. पुढे तिथे नवा वनरक्षक येतो आणि म्हाताऱ्यांना हुसकतो. ही स्वतः म्हातारीचं सोंग घेऊन बसते आणि जादूने त्याच्याच पाठीवर मोळी चढवते. बाजारात कागदी फुलं विकणारी एक गरीब मुलगी आहे, तिची फुलं कोणी घेत नाही. ही त्या फुलांना वास देते. थंडीत भाजलेल्या चेस्टनटच्या बिया विकणाऱ्या माणसाचे पाय गोठतात, तर ही त्याला ऊब देते. बियरची पिंपं वाहणाऱ्या गाडीवानाचा चाबूक घोड्यांवर सारखा चालतो. ही असा मंत्र घालते की त्याने घोड्यावर उगारलेला चाबूक फिरून त्याच्याच अंगावर बसावा.

यात दोन प्रकार आहेत आणि पुस्तक ते एकाच टोपलीत टाकतं. वारा सोडणं, फुलांना वास देणं, पायांना ऊब देणं हा एक प्रकार. चाबूक उलटवणं, मोळी पाठीवर चढवणं हा दुसरा. पहिल्यात कोणाचं काही जात नाही. दुसऱ्यात एकाच्या भल्यासाठी दुसऱ्याला दुखवावं लागतं, आणि ते दुखवताना चेटकिणीला मजा येते. वाचणाऱ्याला तर त्याहून जास्त येते. गाडीवानाच्या नाकावर चाबूक बसला तेव्हा माझी नात खदखदून हसली आणि खोटं कशाला सांगू, मीही हसले. घोड्यांचे हाल वाचून झाल्यावर तो हसू फुटण्याचा क्षण अगदी हक्काचा वाटतो. पण मग मनात आलं, गाडीवान त्या दिवसानंतर चाबूक वापरत नाही तो कशामुळे? घोडा दुखतो हे कळल्यामुळे, की आपण दुखतो हे कळल्यामुळे? प्रॉयस्लर यावर काही बोलत नाही. गाडीवान सुधारला, गोष्ट पुढे गेली. वनरक्षकही तसाच, एका दिवसाच्या मोळीत जन्माचा सुधारला. स्वाध्यायाला बसणाऱ्या आपल्या बायकांना हे पटायला जड जाईल. भीतीने सोडलेली हिंसा आणि आतून सुटलेली हिंसा यातला फरक समजावून घेण्यात आपला अर्धा चातुर्मास जातो.

बैलाचं प्रकरण तर माझ्यासारखीला खास. कोर्बिनियान नावाचा बैल गावच्या जत्रेत नेमबाजीचं बक्षीस म्हणून ठेवलेला असतो. जो लाकडी गरुड पाडील त्याचा बैल, आणि जिंकल्यावर त्याला भाजून गावजेवण घालायचं. थोमास नावाचा मुलगा रडकुंडीला येतो, कारण बैलावर त्याचा जीव आहे. चेटकीण असं करते की बाकी सगळ्या नेमबाजांचे नेम चुकावेत आणि थोमासचा पहिलाच लागावा. बैल वाचतो. मी पुस्तक मिटून मनातल्या मनात जयजिनेंद्र म्हटलं. नात म्हणाली, "पण बाकीच्यांना फसवलं की." आता काय सांगणार? पारध्याने हरीण कुठल्या वाटेने गेलं असं विचारलं तर खरं सांगावं की नाही, हा प्रश्न आमच्या पाठशाळेत पंडितजी विचारायचे. तेच प्रकरण जर्मन जत्रेत पुन्हा समोर आलं. मी तिला म्हटलं, बैलाच्या जिवापुढे बक्षिसाची काय किंमत? तिने मान डोलावली, पण तिचा चेहरा पटलेला नव्हता. माझाही पूर्ण पटलेला नव्हता.

अशी एक मोठी गोष्ट आपल्याकडे आहे आणि दर श्रावणी पौर्णिमेला आपण ती ऐकतो. हस्तिनापुरात सात दिवसांचं राज्य मिळालेला बली मंत्री अकंपनाचार्य आणि त्यांच्या संघातल्या सातशे मुनींभोवती यज्ञ पेटवतो. विष्णुकुमार मुनींना विक्रिया ऋद्धी प्राप्त झालेली असते, पण त्यांना स्वतःला ठाऊकही नसतं. हात लांबवून बघतात तेव्हा खात्री पटते. मग ते बटू ब्राह्मणाचं रूप घेतात, तीन पावलं जमीन मागतात आणि मुनींवरचा उपसर्ग टळतो. लहानपणी मला गोष्ट इथेच संपते असं वाटायचं. राखी बांधली, खीर खाल्ली, झालं. पुष्कळ उशिरा माझं लक्ष त्याच्या पुढच्या भागाकडे गेलं. विष्णुकुमार मुनींनी त्यानंतर प्रायश्चित्त घेतलं आणि पुन्हा मुनिधर्मात स्थिर झाले. सातशे जीव वाचवले, तरी रूप बदलणं आणि छळाला छळाने उत्तर देणं यांचा हिशोब त्यांनी स्वतःच्या नावावर मांडला. वाचवलं ते योग्यच केलं, आणि तरी त्याची किंमत त्यांनी दुसऱ्या कोणावर टाकली नाही. छोट्या चेटकिणीच्या पुस्तकात मला हे सारखं कमी पडत होतं. तिच्या दयेची किंमत गाडीवान देतो, नेमबाज देतात, दांडगी पोरं देतात. ती स्वतः कधी देत नाही, म्हणजे शेवटच्या प्रकरणापर्यंत तरी नाही.

इथे जिल मर्फी या इंग्रज लेखिकेच्या 'सगळ्यात वाईट चेटकीण' या पुस्तकाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ते १९७४ सालचं, आणि पुढे त्याची मालिकाच झाली. मिल्ड्रेड हबल ही चेटकिणींच्या निवासी शाळेतली धांदरट मुलगी. वेणी नेहमी सुटलेली, बुटांच्या नाड्या लोंबत्या, सगळ्यांना काळी मांजरं मिळतात आणि हिच्या वाट्याला पट्टेरी येतं. वर्गातली हुशार, तोऱ्यातली एथेल त्या मांजरावरून हिला टोचते तेव्हा ही रागाच्या भरात तिला डुक्कर करून टाकते. इथवर नेहमीचीच गंमत. पण मग कडक बाई, मिस हार्डब्रूम, हिला उलटा मंत्र शोधायला शाळेच्या ग्रंथालयात पाठवतात. जी जादू तू केलीस ती तूच उलटी कर. डुक्कर झालेली मैत्रीण मागे मागे चालते आहे, सगळी शाळा बघते आहे आणि ही पुस्तकं धुंडाळते आहे. मला हे फार आवडलं. छडी नाही, उपदेश नाही. आपण दुसऱ्याचं जे केलं ते समोर घेऊन बसायचं आणि सोडवायचं. प्रतिक्रमणाला बसल्यावर आपल्याला तरी वेगळं काय करायचं असतं?

गंमत पुढे आहे. त्याच पुस्तकात मिल्ड्रेडला शाळेवर चालून येणाऱ्या दुष्ट चेटकिणींचा कट कळतो आणि ती त्या सगळ्यांना गोगलगायी करून टाकते. आता तिचा सत्कार होतो. जादू तीच, पंचेंद्रिय जीवाला भलत्याच रूपात कोंबण्याची. गोगलगाय म्हणजे तर आपल्या हिशोबाने द्वीन्द्रिय, डुकराच्याही कितीतरी खाली! एकदा त्यासाठी शिक्षा, एकदा टाळ्या. मर्फीबाईंनी हा फरक हेतूवर सोडला आहे. पहिली जादू रागाने केलेली, दुसरी शाळा वाचवायला. पण डुकराच्या वेळी मिल्ड्रेडला जी लाज वाटली होती तिचा गोगलगायींच्या वेळी मागमूस नाही, आणि तिथे पुस्तक जरा पातळ होतं.

आणि किकी. एइको कादोनो यांची कादंबरी १९८५ ची. हायाओ मियाझाकींनी तिच्यावर १९८९ मध्ये चित्रपट काढला, तोच मी पाहिला आहे. तेरा वर्षांची झाली की चेटकिणीने घर सोडून एक वर्ष परक्या गावात राहायचं अशी त्यांची रीत. किकीला एकच विद्या येते, उडण्याची. ती एका बेकरीवाल्या बाईंकडे राहते आणि उडत उडत लोकांची सामानं पोचवते. तिथे एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या आजीला नातीच्या वाढदिवसाला घरचा पाय पाठवायचा असतो आणि ओव्हन चालत नाही. किकी जुन्या लाकडाच्या भट्टीत तो भाजायला मदत करते, स्वतःचं आमंत्रण हुकवते, मुसळधार पावसात भिजत पोचते. दार उघडणारी नात पाय बघून नाक मुरडते. आजीचा हा पाय मला मुळीच आवडत नाही, असं म्हणून दार लावून घेते. किकी तापाने फणफणते. पुढे तर तिला उडताच येत नाही, मांजराचं बोलणंही कळेनासं होतं. (त्या पायमध्ये मासळी होती हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तोवर आजीच्या बाजूने माझे डोळे पुसून झाले होते.)

चांगलं काम केल्यावर आभार मिळाले नाहीत एवढ्याने कोणाची शक्ती जाते का? चित्रपट तसं स्पष्ट सांगत नाही. पण आपल्याकडे निदान नावाचं शल्य सांगितलं आहे, केलेल्या चांगल्याच्या बदल्यात फळ मागण्याचं. ते काट्यासारखं आत राहतं आणि दिसत नाही. किकीने त्या दारात काही मागितलं नव्हतं, फक्त दार उघडणाऱ्या मुलीचा आनंद बघायची तिची अपेक्षा होती. एवढीशी अपेक्षा, पण काटा तेवढाच पुरतो. आपण घरच्या बायका वर्षानुवर्षं ताटं वाढतो आणि कोणी "आज भाजी बरी झाली" म्हणालं नाही तर ज्या प्रकारे गप्प होतो, ती गप्प झालेली किकी मला ओळखीची वाटली.

आता पुन्हा ब्लॉक्सबर्गकडे. वर्ष संपतं. छोटी चेटकीण परीक्षेला उभी राहते, विचारलेली सगळी जादू बिनचूक करून दाखवते. आणि मग रुंपुंपेल आत्या वही काढावी तशी तिची वर्षभराची चांगली कामं वाचायला लागते. वर्षभर ती पाळतच ठेवून होती. म्हाताऱ्यांना काटक्या दिल्या, मुलांना मदत केली, चेस्टनटवाल्याला ऊब दिली. सगळी सभा संतापते. थोरली चेटकीण सांगते की चांगली चेटकीण म्हणजे नेहमी वाईटच करणारी. तू तर वर्षभर वाईट चेटकीण निघालीस!

इथे मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिले. कारण हे मला ठाऊक होतं. लग्न होऊन आपण दुसऱ्या घरात जातो तेव्हा आपल्याला सांगतात की चांगली सून हो. चांगली म्हणजे काय हे कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला ते उघडच वाटत असतं. आपण आपल्या माहेरच्या समजुतीने चांगलं वागत सुटतो. पहिल्याच वर्षी मी घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या मुलीला लग्नासाठी म्हणून कपाटातली एक साडी दिली. घडी न मोडलेली, कोणी नेसत नव्हतं, मला वाटलं छान झालं. ती साडी देण्याघेण्यासाठी ठेवलेली होती, पुढच्या महिन्यातल्या एका मुंजीसारख्या मोठ्या आहेराची नव्हे, तर सासूबाईंच्या भावजयीला द्यायची होती आणि तिला ती दाखवूनही झाली होती. मला कोणी रागावलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चांगली सून विचारून देते." आठ दिवसांनी त्या बाईने साडी धुऊन, इस्त्री करून परत आणून दिली. कोणी मागितली होती की तिने आपणहून आणली, हे मला आजवर कळलेलं नाही. ती मुलगी मात्र नंतर आमच्या दारात कधी आली नाही.

तेव्हा मला सासूबाई रुंपुंपेलसारख्याच वाटल्या असत्या, पुस्तक ठाऊक असतं तर. आज वाटतं, त्यांचं अर्धं खरं होतं. मी दुसऱ्याच्या वस्तूने दया केली आणि तिची किंमत त्या मुलीने दिली. पण अर्धं खरं नव्हतं. चांगलंची व्याख्या त्यांच्या मुठीत होती आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत ती मूठ उघडायची नाही हे त्यांनी ठरवलेलं होतं. प्रॉयस्लरने ही मूठ ज्या सहजतेने उघडून दाखवली आहे, तेवढ्यासाठी हे पुस्तक प्रत्येक मुलीच्या हातात द्यावं असं मला वाटतं. छोटी चेटकीण वर्षभर बंड करत नव्हती. ती आज्ञा पाळत होती. तिच्यावरचा आरोप तिच्या आज्ञाधारकपणाचाच आहे.

शिक्षा म्हणून तिला वालपुर्गिसच्या रात्रीच्या होळीसाठी एकटीने लाकडं गोळा करायला लावतात. लेखकाने हे मुद्दाम केलं असावं. सुरुवातीला तिने म्हाताऱ्यांसाठी लाकडं पाडली, आता स्वतः वेचायची. आणि तिच्या मदतीला कोणीही येत नाही. त्या म्हाताऱ्या नाहीत, फुलवाली नाही, थोमास नाही, चेस्टनटवाला नाही. वर्षभर जिने गाव सांभाळलं तिच्या वाईट दिवसात गाव नाही. पुस्तकात याबद्दल एक शब्दही नाही, आणि मला वाटतं पुस्तकातली सगळ्यात खरी गोष्ट हीच आहे.

त्यानंतर जे होतं त्याच्याशी माझं भांडण आहे. लाकडाचा ढीग रचून झाल्यावर ती मंत्र घालते, तेव्हा सगळ्या मोठ्या चेटकिणींचे खराटे आणि जादूची पुस्तकं उडत येऊन ढिगावर पडतात. दुसऱ्या मंत्राने त्यांची जादूच कायमची जाते. आणि ही ढिगाला आग लावून एकटीच तिच्याभोवती नाचते. मुलं टाळ्या वाजवतात. माझ्या नातीनेही वाजवल्या.

मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकात याच जर्मन मुलखात चेटकीण ठरवून हजारो बायका जाळल्या गेल्या. १९३३ च्या मे महिन्यात तिथे चौकाचौकांत पुस्तकांच्या होळ्या झाल्या. अशा भाषेतल्या गोष्टीत पुस्तकांचा ढीग पेटतो आणि पेटवणारी आपली लाडकी नायिका असते. प्रॉयस्लरला हे ठाऊक नव्हतं असं होणार नाही. १९२३ साली त्याचा जन्म झाला तो चेकोस्लोव्हाकियातल्या लिबेरेत्स गावी, जर्मन बोलणाऱ्या घरात. सीमेवरच्या गावात वेगळी भाषा बोलणाऱ्यांना काय सोसावं लागतं हे आम्हा बेळगावकरांना कोणी सांगायला नको. त्याच्या लोकांना तर युद्धानंतर गावच सोडावं लागलं. तो स्वतः रशियनांच्या कैदेत पाच वर्षं होता. सुटल्यावर शाळामास्तर झाला. आगीचा आणि सूडाचा अर्थ त्याला आपल्यापेक्षा नक्की जास्त कळत होता.

तरीही त्याने हा शेवट लिहिला, आणि त्याचं कारण त्यानेच सांगून ठेवलं आहे. त्याच्या लहान मुली रात्री वाईट चेटकिणींना घाबरायच्या. आता वाईट चेटकिणी उरलेल्या नाहीत, असं त्याने त्यांना सांगितलं. का उरल्या नाहीत, असं मुलींनी विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे पुस्तक. म्हणजे शेवट आधी ठरलेला होता. घाबरलेल्या मुलीला झोपवायचं तर दुष्ट चेटकिणींना सुधारून चालत नाही, त्यांना पार निकामीच करावं लागतं. सुधारलेली चेटकीण रात्री पुन्हा बिघडली तर? बाप म्हणून त्याचं मला पटतं. लेखक म्हणून पूर्ण पटत नाही. वर्षभर जी मुलगी चांगल्या कामाने चांगली झाली, तिला शेवटी जिंकायला आत्याचीच रीत वापरावी लागली. सुरुवातीला त्यांनी हिचा एक खराटा जाळला, शेवटी हिने सगळ्यांचे जाळले. वर तिला पंचवीस माणसांनी दिलेल्या शिव्यांसारखा एक प्रश्नसुद्धा पडत नाही. विष्णुकुमार मुनींची आठवण मला इथे झाली होती, बैलाच्या प्रकरणात नव्हे; लिहिताना ती पुढे सरकली.

चेटकीण हा शब्द आपल्याकडे गोष्टीपुरता राहिलेला नाही हेही सांगायला हवं. शेजारच्या महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१३ मध्ये, फार जुनी गोष्ट नव्हे. एखाद्या एकट्या बाईला चेटकीण ठरवणाऱ्या गावात ही गोष्ट वाचली तर आगीचं प्रकरण वेगळंच दिसेल. म्हणून काही ते गाळावं असं मी म्हणणार नाही. गाळलं तर परीक्षेचं प्रकरणही लंगडं पडतं.

नातीला मी ते पूर्ण वाचून दाखवलं, टाळ्याही वाजवू दिल्या. दिवा मालवला. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला, "आज्जी, सगळे खराटे जळले ना? मग त्या बाकीच्या घरी कशा गेल्या?"

"चालत गेल्या असतील," मी म्हटलं.

"तीन दिवस?"

"कोणाचं घर लांब असेल तर जास्तही."

ती काही बोलली नाही. मग कूस वळवून म्हणाली, "त्यांच्यातल्या म्हाताऱ्या किती होत्या, ते पुस्तकात आहे का बघ."